विकलेल्या पोराचं चोंदलेलं नाक

मोठ्या माणसाचं नाक चोंदलं तर तो तोंड उघडतो, घरातल्यांवर खेकसतो आणि झोपतो. तान्ह्या पोराला तोंडाने श्वास घ्यायचं सुचत नाही. त्याचं तोंड दुधासाठी असतं आणि नाक वाऱ्यासाठी. नाक बंद झालं की दूध बंद, दूध बंद झालं की झोप बंद, आणि मग घरात कुणालाच झोप नाही. बाहेरचे लोक म्हणतात, सर्दीच तर आहे. त्यांना एक रात्र ते पोर मांडीवर घेऊन बसायला सांगावं.

आमच्या वाडीतल्या नव्या आया अजून मला विचारायला येतात. सांगून सांगून तोंड दुखतं, म्हणून एकदा लिहून ठेवते. मी चौथीपर्यंत शिकले आहे, एवढं लिहायला तेवढं पुरतं. आणि खरं सांगायचं तर मला हे लिहायची हौस आहे. माझ्या कोंडूचं नाक मोकळं झालं तो दिवस आठवला की अजून माझे पाय भराभर चालायला लागतात. तेवढा जिवावरचा आणि तेवढा हसवणारा दिवस मला दुसरा दिसला नाही.

कोंडा देऊन घेतलेला

माझं सासर पावसच्या अलीकडे, खाडीच्या वर. मिठाचा सत्याग्रह होऊन गेला त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. नवरा मुंबईला गोदीत होता. घरात मी आणि सासू. सासूला मी आते म्हणत असे.

माझी पहिली दोन पोरं गेली. एक पाचवी पुजायच्या आत आणि एक दात येता येता. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. तिसरा मुलगा झाला तेव्हा आतेने ठरवलं की या खेपेला कसर ठेवायची नाही.

ज्या घरात पोरं जगत नाहीत त्या घराने पोर विकायचं, अशी तेव्हा रीत होती. ज्या बाईची पोरं जगतात तिला विकायचं. म्हणजे पोरं न्यायला जे कोण येतं, सटवी म्हणा, नशीब म्हणा, त्याला वाटावं की या घरात पोरच नाही. खाडीच्या काठाला मुसलमानांची घरं होती. तिथली जैनबी आम्हाला जवळची. तिचा नवरा गलबतावर तांडेल, तिला सात पोरं, आणि सातही ठणठणीत. बारशाच्या दिवशी ती आमच्या अंगणात आली, आतेच्या पदरात सूपभर कोंडा ओतला, पोर उचललं, माडाला एक फेरी घातली आणि पोर परत माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "माजं पोर हाय. तुमच्याकडं सांभाळायला ठेवलंय. नीट ठेवा." कोंडा देऊन घेतला म्हणून त्याचं नाव कोंडू.

आतेला तेवढ्यावर भरवसा वाटेना. तिने सोनाराला बोलावून पोराची डावी नाकपुडी टोचून घेतली आणि त्यात सोन्याची बारीक तार घातली. मुलीसारखी. मुलगी आहे असं वाटलं तर नशीबही ढुंकून बघत नाही, असा त्यातला हिशेब. मी स्वतः मुलगी, मला तो हिशेब तेव्हाही आवडला नव्हता. पण दोन पोरं गेलेली बाई आवडीनिवडी सांगत नाही. पोर चांगलं चालायला, बोलायला लागेपर्यंत तार काढायची नाही, असं आतेने गावदेवीपुढे नारळ ठेवून कबूल केलं.

आवाज

आंब्याला मोहोर होता. पहाटे धुकं पडायचं आणि उन्हं आली की ते माडांच्या झावळ्यांवरून टपटप गळायचं. अशात कोंडूला सर्दी झाली. आधी शिंका, मग पाणी, मग एक दिवस नाकाचा आवाज सुरू झाला. चिखलात रुतलेला पाय उपसून काढावा तसा. श्वास आत जाताना एक, बाहेर येताना दुसरा.

त्याला भूक लागे. तो तोंडात धरी, दोन घोट घेई, गुदमरे, सोडून देई, रडे. रडला की नाक आणखी भरे. परत धरी, परत सोडी. माझा पान्हा फुटून लुगडं भिजे आणि पोर उपाशी. आडवं ठेवलं की चार श्वासांत जागं.

आतेने जे माहीत होतं ते सगळं केलं. निखाऱ्यावर ओवा, लसणीची सालं आणि बाळंतशेपा टाकून धुरी दिली. वारा लागू नये म्हणून खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या. टाळूवर वेखंड घातलं. नाकात गोडं तेल सोडलं. त्या कोंदट खोलीत मला खोकला यायचा, तर त्या पोराचं काय होत असेल. पण मी काही बोलले की आते म्हणायची, "तुला काय कळतंय? तुझी किती वाढवलीस?" हे बोलणं वाईट होतं. पण ती बोलायची आणि लगेच त्याच तोंडाने पोराच्या उजव्या नाकपुडीला ओठ लावून शेंबूड ओढून काढायची आणि बाहेर जाऊन थुंकायची. किळस नाही, काही नाही. असं माणूस एकदा बोललं तर ऐकून घ्यावं लागतं.

उजवी नाकपुडी ती अशी मोकळी करायची. डाव्या बाजूला तार. तिथे ओठ लावला की पोर किंचाळायचं.

एवढं मात्र मला कळलं की उभं धरलं तर त्याला बरं वाटतं. मी खांबाला टेकून बसे, त्याला छातीवर उभा धरी, त्याचं डोकं माझ्या गळ्याशी. मग तो जरा डुलके. मीही तशीच बसल्या बसल्या डुलके. आते उठून त्याला आपल्याकडे घेई आणि मला म्हणे, आता तू पाठ टेक. भांडण चालू आणि पाळ्याही चालू, असं आमचं होतं.

मग एका सकाळी तो रडेनासा झाला. नुसता कण्हायचा. लंगोट बघितला तर कालपासून सुकाच. डावी नाकपुडी लाल, गरम, आणि तार सुजेत बुडून नुसती रेघ दिसत होती. मी आतेला म्हटलं, मी ह्याला रत्नागिरीला इस्पितळात नेते. वाटलं, आता तमाशा होईल. आतेने आतून जाड धडपा आणला, पोराला गुंडाळलं आणि म्हणाली, "चल."

सड्यावरून

गाडी जुंपायला कुणी नव्हतं. आम्ही चालत निघालो. गोळपच्या बाजूने सड्यावर चढलो. वर नुसता काळा कातळ आणि मोकळा वारा. आते पुढे, मी मागे, पोर माझ्या खांद्यावर. मी सारखी त्याच्या आवाजाकडे कान लावून. आणि तिथे, त्या उघड्या वाऱ्यात, तो खांद्यावर झोपला. घरात धुरीजवळ एवढं करून जे झालं नव्हतं ते सड्यावर चालता चालता झालं. मी आतेला हाक मारली आणि बोटाने दाखवलं. तिने बघितलं आणि म्हणाली, "चालताना सगळीच निजतात." पण पावलं तिने हळू केली, त्याला हिसके बसू नयेत म्हणून.

भाट्याला उतरलो, होडीत बसून खाडी ओलांडली आणि राजिवड्याला उतरलो. तिथून इस्पितळ.

आम्ही इकलंय ते

इस्पितळाच्या पडवीत बायका ओळीने बसलेल्या. कुणाच्या पायाला गळू, कुणाला ताप. कंपाउंडर आपल्या तालात बाटल्यांना कागदाच्या पट्ट्या चिकटवत होता. कोंडूचा आवाज ऐकला तशी ओळीतल्या बायकांनीच आम्हाला पुढे ढकललं. कुणी कुणाला विचारलं नाही.

डॉक्टर तरुण होता, देशावरचा. त्याने पोराला खिडकीशी नेलं, तोंड उजेडाकडे केलं आणि बराच वेळ दोन्ही नाकपुड्या बघितल्या. मग म्हणाला, "उजवी सर्दीने बंद आहे. तिचं एवढं काही नाही. डावी या तारेने बंद आहे. आत पू झालाय. तार काढू. एक बाजू मोकळी झाली की दूध ओढेल, पोट भरलं की झोपेल."

माझ्या अंगात वीज शिरल्यासारखं झालं. इतकं सोपं. एक तार.

आते म्हणाली, "तार काढायची न्हाय."

डॉक्टरने विचारलं, का. आतेने नवसाचं सांगितलं. तो म्हणाला, आजी, देवीला मी सांगतो. आते म्हणाली, देवी तुझी कोण लागते? डॉक्टर म्हणाला, पोर उपाशी आहे, अशक्त झालंय, असंच राहिलं तर मी काही सांगू शकत नाही. तेव्हा आतेने आपला शेवटचा खुंटा ठोकला.

"पोर आमचं न्हाय. आम्ही इकलंय ते. जिचं हाय तिला विचारल्याबिगर मी हात लावू देणार न्हाय."

डॉक्टरच्या हातातली पळी तशीच राहिली. पडवीतल्या बायकांनाही ऐकू गेलं. कंपाउंडर राजापूरकडचा होता. त्याने पुढे होऊन डॉक्टरला रीत समजावून सांगितली. डॉक्टरने कपाळाला हात लावला आणि विचारलं, "मग ती कुठे असते, पोराची मालकीण?"

आतेने ते बोलणं मिटवायला म्हटलेलं. जैनबी महिनाभर वाडीत नव्हती. बाईच जागेवर नाही तर विचारणार कुणाला, असं आतेने धरलं होतं. पण जैनबी कुठे गेली ते मला माहीत होतं. जाताना तिने माझ्याच हातावर सुपारी ठेवून सांगितलं होतं, लेकीचं बाळंतपण आहे म्हणून.

मी म्हटलं, "जैनबी इथंच हाय. राजिवड्यात, लेकीकडं. आपण होडीतून उतरलो त्याच्या वरच्या अंगाला."

आतेने माझ्याकडे अशी नजर टाकली की दुसऱ्या वेळी मी जमिनीत गेले असते. त्या दिवशी मला हसू येत होतं. पोर मरायला टेकलेलं आणि मला हसू. पण आते शब्दाची पक्की. चार माणसांत बोलली होती, ते तिला गिळता येईना.

डॉक्टर म्हणाला, "मग बसलात काय? जा, घेऊन या तिला."

मालकीण

आम्ही गेलो म्हणजे मी जवळजवळ पळत गेले. राजिवड्याची गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना जाळी वाळत टाकलेली, उन्हात बांगडे खारवायला मांडलेले. एका बाईला विचारलं, पावसकडची जैनबी कुठे? तिने हाताने घर दाखवलं. मागून आते धापा टाकत येत होती आणि मला नावं ठेवत होती.

जैनबी ओट्यावर बसून लेकीसाठी आळीव निवडत होती. आम्हाला बघून ती उठलीच. मी एका दमात सगळं सांगितलं. तिने कोंडूला माझ्याकडून घेतलं, कान त्याच्या तोंडाशी नेला आणि ऐकत राहिली. मग तिने आतेला विचारलं, "पोर कुणाचं?"

आते म्हणाली, "तुझं."

"मग तार काढायची."

"असं कसं? नवस माझा हाय."

"नवस तुझा, पोर माजं. तुझ्या नवसापायी माजं पोर मारतेस?"

आते म्हणाली, तसं असेल तर सौदा मोडला, मी पोर परत घेते. जैनबीने हात पुढे केला. "कोंडा दे परत. सूपभर व्हता."

मी म्हटलं, कोंडा तर कोंबड्यांनी त्याच दिवशी खाल्ला. जैनबीची लेक आत बाजेवर होती, तिचं हसू बाहेर ऐकू आलं. आते त्या हसण्याने एकदम खचली. ओट्याच्या पायरीवर बसली. ती रडणारी बाई नव्हती. तिने पदराने तोंड पुसलं आणि सरळ आवाजात म्हणाली, "दोन पुरली गो मी. खड्डा काढताना मी उभी व्हते, ही न्हाय. ही आत पडलेली. आता ही तार काढली आणि सटवीला कळलं की मुलगा हाय, तर मी काय करू?"

मला हे माहीत नव्हतं. म्हणजे पोरं कुठे ठेवली ते माहीत होतं, पण आते तिथे उभी होती हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

जैनबी तिच्याजवळ पायरीवर बसली, पोर मांडीवर. तिची चेष्टा सगळी गेली होती. म्हणाली, "बाय, ऐक. हा माज्या घरचा. आमच्यात मुलग्याचं नाक टोचत न्हाईत. आणि तुमच्या सटवीला माज्या घरची वाट म्हाईत न्हाय. ती आलीच तर तुझ्याकडं येईल. तू तिला सांग, पोर मी इकलं, माज्याकडं काय न्हाय. खोटं थोडंच हाय?"

आतेने त्यावर विचार केला. खरंच केला. तिच्या चेहऱ्यावर दिसत होता. आपणच मांडलेला डाव कुणीतरी आपल्याहून चांगला खेळून दाखवावा तसं तिला झालं असणार. शेवटी ती उठली आणि म्हणाली, "उन्हं उतरायच्या आत चला."

तार

जैनबी पोर घेऊन पुढे, आम्ही दोघी मागे. पडवीतल्या बायका थांबून राहिल्या होत्या. ज्यांचं औषध घेऊन झालं होतं त्यासुद्धा. डॉक्टरने जैनबीला विचारलं, काढू? ती म्हणाली, "काढा." कंपाउंडरने डोकं धरलं, मी पाय धरले, डॉक्टरने बारीक चिमट्याने तारेचा पीळ तोडला आणि तार ओढली. कोंडू असा ओरडला की मला आनंद झाला. सकाळपासून त्याच्यात एवढा जोर कुणी बघितला नव्हता. पू आला, रक्त आलं, डॉक्टरने धुऊन काढलं.

मग त्याने मला मिठाचं पाणी शिकवलं. पाणी उकळून गार करायचं, वाटीभर पाण्यात चिमूटभर मीठ, डोळ्यातल्या पाण्याइतकं खारट, त्याहून जास्त नाही. आतेने मधेच विचारलं, मीठ कुठलं, सरकारी की किनाऱ्यावर केलेलं? सरकारी इस्पितळ होतं. डॉक्टरने इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाला, "कुठलंही चालेल, आजी. हळू बोला."

त्या पाण्याचे एक-दोन थेंब दोन्ही नाकपुड्यांत. जरा थांबायचं. सुकलेलं मऊ होतं. मग स्वच्छ कापडाची मऊ वळी करून नाकाच्या तोंडाशी आलेलं टिपून घ्यायचं. वळी आत खुपसायची नाही. हे सगळं पाजायच्या आधी करायचं, पाजल्यावर नाही. पाजल्यावर केलं तर पोटातलं सगळं अंगावर येतं, ते मी पुढे करून बघितलं.

त्याने केलं, पुसलं आणि मला म्हणाला, आता पाज. मी तिथेच बाकावर भिंतीकडे तोंड करून बसले. कोंडूने धरलं. दोन घोट. मी वाट बघत होते की आता सोडेल. तीन. चार. तो सोडेना. नाकातून शूं शूं वारा येतो आहे, घोट खाली जातो आहे, आणि तो सोडत नाही. मी मागे न बघता मोठ्याने म्हटलं, "पितोय." पडवीतून कुणीतरी कुणाला तरी सांगितलं, पितोय. ते पार फाटकापर्यंत गेलं.

इथे जरा थांबून ज्याच्यासाठी लिहायला घेतलं ते सांगते. पोराचं नाक चोंदलं तर खोलीत धूर करू नका, कसलाही, ओव्याचा सुद्धा. तेल नाकात घालू नका. खिडकी उघडी ठेवा, पोराच्या अंगावर नीट कपडा असला म्हणजे झालं. अंघोळीच्या वेळी न्हाणीत ऊन पाण्याची वाफ असते, तेवढी पुरते. वाफेचं भांडं पोराजवळ नेऊ नका, भाजतं. थोडं थोडं पाजा, घाई करू नका. झोप येईपर्यंत उभं धरा. तुमचेच डोळे मिटायला लागले तर दुसऱ्याकडे द्या, मी बसल्या बसल्या डुलक्या काढल्या तसं करू नका. पोर झोपलं की पाठीवर सपाट ठेवा, उशी नको. आणि छाती आत ओढली जायला लागली, ओठ निळे दिसले, पिणं सुटलं किंवा लंगोट सुका राहिला तर माझं हे वाचत बसू नका, डॉक्टरकडे जा. आम्ही त्या दिवसापर्यंत थांबलो ते फार झालं होतं.

कोंडू आता आजोबा आहे. नाकाला भोक अजून दिसतं. घोरतो, पण ते त्याच्या बायकोने लिहावं.

निजला

पिऊन पिऊन त्याचे डोळे मिटायला लागले. होडी लागायची होती. जैनबी म्हणाली, तोवर घरी चला, ह्याला जरा आडवा होऊ दे. आम्ही परत राजिवड्याला गेलो. जैनबीच्या लेकीचं तान्हं एका झोळीत होतं. कोंडूला बाजूला चटईवर धडपा घालून ठेवला. मी त्याच्याजवळ बसले. आते बाहेर पायरीवर. ती त्या घरात पाणी पीत नसे आणि उंबरा ओलांडत नसे. तेव्हा तसंच होतं, जैनबीलाही त्याचं काही वाटत नसे. तिने आतेला बाहेरच एक शहाळं फोडून दिलं, आणि शहाळं बाटत नाही म्हणून ते आतेने प्यायलं.

मला बसल्या बसल्या झोप लागली. सकाळपासूनचं चालणं, आधीची जागरणं, मी कलंडलेच. जाग आली ती आतेच्या ओरडण्याने.

"अगो, आवाज यायचा थांबला!"

ती बाहेर पायरीवर बसून इतका वेळ त्याच्या नाकाचाच आवाज ऐकत होती. इतके दिवस आम्ही दोघी त्या आवाजावरच जगत होतो. आवाज आहे म्हणजे पोर आहे. तो थांबला. मी उठायच्या आत आते उंबरा ओलांडून आत आली, जैनबीच्या लेकीची बाज ओलांडून चटईवर गुडघ्यांवर बसली आणि तिने हाताची मागची बाजू कोंडूच्या नाकाखाली धरली.

आम्ही सगळ्या तिच्या तोंडाकडे बघत होतो.

तिने हात काढला नाही. जरा डावीकडे नेला, जरा उजवीकडे. मग एक बोट आडवं धरलं. मग माझा हात ओढून तिथे नेला. ऊन ऊन वारा, हळू हळू, आत आणि बाहेर. कसलाच आवाज नाही. सर्दी झाल्यापासून मी त्याला असं झोपलेलं बघितलंच नव्हतं, म्हणून आम्हाला ते झोपणं ओळखता आलं नाही.

"दोन्हीकडनं येतोय," आते म्हणाली.

मग ती तिथेच बसली. आपण कुठे बसलो आहोत हे तिला उशिरा लक्षात आलं. आलं ते मला दिसलं. तिने उंबऱ्याकडे एकदा बघितलं, पण उठली नाही. उठताना बांगड्या वाजल्या असत्या.

खाली धक्क्यावरून होडीवाला हाका मारायला लागला. भाट्याला जाणारी ती शेवटची होडी होती. ती गेली की सकाळपर्यंत दुसरी नाही. म्हणजे रात्र त्याच घरात. मी आतेकडे बघितलं. कोंडूला उचलायचं तर तो उठणार, रडणार, नाक भरणार, आणि सगळं पहिल्यापासून. होडीवाला आणखी वरच्या पट्टीत ओरडला.

आते तशीच बसल्या जागेवरून दाराकडे तोंड करून, जेवढ्या हळू आवाजात ओरडता येतं तेवढ्या हळू ओरडली, "जा बाबा तू. आमचं पोर निजलंय."

चुलीपुढे जैनबी पाठमोरी बसली होती. तिने मान वळवली. "कुणाचं?"

"तुझं," आते म्हणाली. "पण हळू बोल."